एनक्रिप्टेड ड्राइव्ह लॉक करणं आणि उघडणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या कॉलेज रोडवरचे करसल्लागार, दिंडोरी-निफाडकडचे द्राक्ष निर्यातदार, सातपूर-अंबडच्या कारखान्यांसाठी घरून ड्रॉइंग करणारे डिझायनर, आणि आधार-पॅनच्या प्रती संगणकात ठेवणारं कुठलंही घर, अशा सगळ्यांसाठी ही माहिती आहे. भर विंडोज १० आणि ११ वर आहे. वेराक्रिप्ट (ड्राइव्ह लॉक करणारं एक मोफत सॉफ्टवेअर), लिनक्स आणि मॅकबद्दल गरजेपुरतं लिहिलं आहे. कमांड इथे देवनागरीत उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायच्या, आणि कमांड प्रॉम्प्ट ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करूनच उघडायचा.

विंडोजला पासवर्ड आहेच. मग ड्राइव्ह वेगळा लॉक कशाला करायचा?

विंडोजचा पासवर्ड फक्त चालू असलेल्या विंडोजची राखण करतो. हार्डडिस्क किंवा एसएसडी काढून दोन-तीनशे रुपयांच्या यूएसबी केबलने दुसऱ्या संगणकाला जोडली, की सगळ्या फाइली पासवर्ड न विचारता दिसतात. ‘हिडन’ केलेलं फोल्डरही दिसतं. ड्राइव्ह एनक्रिप्ट केलेला, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात बदललेला असेल तर त्याच डिस्कवर निव्वळ अर्थहीन बाइट्स सापडतात.

पंचवटी एक्स्प्रेसमध्ये विसरलेला लॅपटॉप, घरफोडीत गेलेला संगणक, दुरुस्तीला दिलेली मशीन, हरवलेला पेन ड्राइव्ह या प्रसंगी हे कुलूप कामाला येतं. व्हायरस, रॅन्समवेअर, चुकून डिलीट झालेली फाइल यांच्यापुढे त्याचा उपयोग नाही, कारण त्या वेळी ड्राइव्ह उघडाच असतो.

माझ्या संगणकात बिटलॉकर आहे का?

बिटलॉकर म्हणजे विंडोजमधलीच ड्राइव्ह एनक्रिप्ट करण्याची सोय. ‘सेटिंग्ज → सिस्टम → अबाउट’मध्ये विंडोजची आवृत्ती दिसते. प्रो असेल तर पूर्ण बिटलॉकर आहे. होम असेल तर ‘डिव्हाइस एनक्रिप्शन’ नावाची साधी सोय असू शकते. विंडोज ११ मध्ये ती ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली सापडते. होममधून पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क नव्याने बिटलॉकरने लॉक करता येत नाही, पण प्रो असलेल्या संगणकावर लॉक केलेली डिस्क होमवर पासवर्ड देऊन उघडता येते, तिच्यात लिहिताही येतं. होमवर बाहेरची डिस्क लॉक करायची असेल तर मोफत मिळणारं वेराक्रिप्ट वापरा.

सध्या नेमकी काय स्थिती आहे ते ‘मॅनेज-बीडीई -स्टेटस’ ही कमांड सांगते. प्रत्येक ड्राइव्हपुढे किती टक्के एनक्रिप्ट झालं, प्रोटेक्शन चालू आहे की बंद, लॉक आहे की अनलॉक, हे तिथे येतं. ‘१०० टक्के एनक्रिप्टेड, प्रोटेक्शन ऑफ’ असं दिसलं तर सावध व्हा. डेटा एनक्रिप्ट झालाय, पण किल्ली त्याच डिस्कवर उघडी पडून आहे, म्हणजे संरक्षण शून्य. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन न करता लोकल खातं वापरलं की डिव्हाइस एनक्रिप्शन बहुतेक वेळा याच अवस्थेत थांबलेलं असतं.

मी काहीच केलं नाही, तरी लॅपटॉप सुरू होताना निळ्या पडद्यावर रिकव्हरी की मागतोय. हे कुठून आलं?

रिकव्हरी की म्हणजे हे कुलूप उघडणारा ४८ अंकी क्रमांक. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, नवा लॅपटॉप घेऊन किंवा विंडोज नव्याने टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिव्हाइस एनक्रिप्शन आपोआप चालू होतं. दुकानदाराने लॅपटॉप सुरू करून दिला, खातं घरातल्या कुणाच्या तरी किंवा त्याच वेळी बनवलेल्या ईमेलवर उघडलं, आणि कुलूप लागल्याचं घरात कुणालाच कळलं नाही, हा प्रकार फार सर्रास होतो.

एरवी ड्राइव्हची किल्ली मदरबोर्डवरची टीपीएम चिप स्वतःच देते. पण ती देण्याआधी, संगणक सुरू होण्याची साखळी कालच्यासारखीच आहे ना, हे तपासते. बायॉस (विंडोजच्या आधी चालणारं, मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) अपडेट झालं, त्यातलं सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअरने संगणक सुरू होऊ न देणारी सोय) बंद-चालू केलं, बायॉसमधून टीपीएम ‘क्लिअर’ केली, मदरबोर्ड बदलला किंवा शेजारी लिनक्स टाकलं, की चिपला संशय येतो आणि ती किल्ली देत नाही. कधी कधी विंडोजच्या अपडेटमुळेही असं होतं. जुलै २०२४ च्या अपडेटनंतर काही संगणक थेट रिकव्हरीच्या पडद्यावर गेले होते, आणि मायक्रोसॉफ्टने ते मान्य केलं होतं.

पडदा पाहून घाबरू नका, आणि घाईने ‘विंडोज नवीन टाकून द्या’ असं तर अजिबात सांगू नका. डेटा जागेवर आहे. आधी बायॉसमध्ये अलीकडे काही बदललं असेल तर ते होतं तसं करा. सिक्युअर बूट पुन्हा चालू केल्यावर पुष्कळदा संगणक किल्ली न मागता सुरू होतो. तसं झालं नाही तर किल्ली शोधा.

रिकव्हरी की कुठे मिळेल?

पडद्यावर ‘की आयडी’ लिहिलेला असतो, त्याची पहिली आठ अक्षरं टिपून घ्या. एका खात्यात चार-पाच संगणकांच्या किल्ल्या असू शकतात, त्यातली आपली कोणती हे त्या आठ अक्षरांवरूनच जुळतं. मग मोबाइलवरून मायक्रोसॉफ्ट खात्यात जा, ‘डिव्हाइसेस’मध्ये तुमचा संगणक निवडा आणि बिटलॉकर रिकव्हरी की पाहा.

तुमच्या खात्यात नसेल तर संगणक पहिल्यांदा ज्याने सुरू केला त्याचं खातं पाहा. यात मुलाचं कॉलेजचं खातं, जुन्या नोकरीतलं ऑफिसचं खातं, दुकानदाराने बनवलेलं खातं असं काहीही निघू शकतं. कॉलेज किंवा ऑफिसचं असेल तर तिथल्या आयटी विभागाला किल्ली दिसते. याशिवाय जुने पेन ड्राइव्ह, ईमेल आणि प्रिंट काढलेले कागद चाळा. किल्लीच्या फाइलचं नाव ‘बिटलॉकर रिकव्हरी की’ या शब्दांनी सुरू होतं.

संगणक सध्या नीट चालू असेल तर आज, आत्ताच किल्ली काढून ठेवा: ‘मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -गेट सी:’. ‘न्यूमेरिकल पासवर्ड’खाली आयडी आणि ४८ अंक येतात. या पानावरचं एकच काम करणार असाल तर हे करा.

ती किल्ली लिहून कुठे आणि कशी ठेवायची?

किमान दोन जागी, आणि त्यातली एक घराबाहेर. मायक्रोसॉफ्ट खातं ही एक जागा झाली, पण त्या खात्याचा ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो लॅपटॉपच्याच पिशवीत असतो आणि दोन्ही एकदमच जातात. म्हणून कागदाची प्रत हवीच. बँकेचा लॉकर असेल तर उत्तम, नसेल तर भावाच्या किंवा मुलीच्या घरी पाकिटात. त्या कागदावर की आयडी आणि तारीख लिहा, मात्र लॅपटॉपचा पासवर्ड त्यावर नको. ज्या ड्राइव्हला कुलूप लावताय त्यावरच किल्ली ठेवायला गेलात तर विंडोज नकार देतं. पण डी ड्राइव्हची किल्ली सी वर आणि सी ची डी वर ठेवणारे लोक आहेत, आणि दोन्ही ड्राइव्ह एकाच डिस्कचे भाग असतात.

कागदही जपावा लागतो. इंकजेटची शाई पाण्याने पसरते, बिलाच्या रोलचा थर्मल कागद काही महिन्यांत पांढरा पडतो. लेझर प्रिंट काढा किंवा बॉलपेनने लिहा आणि झिपच्या प्लास्टिक पिशवीत घाला. सराफ बाजार, भांडीबाजार किंवा पंचवटीत नदीकडच्या बाजूला तळमजल्यावर राहत असाल तर हा कागद वरच्या मजल्यावर न्या. गोदेचं पाणी दुतोंड्या मारुतीला (नदीतली ही मूर्ती किती बुडाली यावरून पूर मोजतात) चढू लागलं की पहिली धावपळ माणसांची आणि मालाची होते, कपाटातल्या कागदाची आठवण नंतर येते.

हाताने लिहिताना आपल्याकडे एक खास चूक होते. देवनागरी चार हा इंग्रजी आठसारखा आणि देवनागरी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो, आणि आपण बोलता बोलता दोन्ही लिप्यांचे अंक मिसळतो. सगळे अंक इंग्रजीच लिहा आणि मग तपासून घ्या. तपासायची सोय किल्लीतच आहे. ४८ अंक म्हणजे सहा-सहा अंकांचे आठ गट, आणि प्रत्येक गटाला ११ ने निःशेष भाग जातो. उदाहरणार्थ, ३४२४४१ भागिले ११ म्हणजे ३११३१, बाकी शून्य. त्यातला दुसरा अंक चाराऐवजी आठ वाचला तर ३८२४४१ होतं आणि बाकी ४ उरते, म्हणजे लिहिण्यात चूक आहे. गटातला कुठलाही एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर ही तपासणी ते पकडतेच. मोबाइलच्या कॅलक्युलेटरवर आठ भागाकार करायला पाच मिनिटं लागतात.

डी ड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क पहिल्यांदा लॉक करताना काय निवडायचं?

आधी डेटाची दुसरी प्रत काढा. मग ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘टर्न ऑन बिटलॉकर’ निवडा. पासवर्ड किमान ८ अक्षरांचा लागतो, पण आठवर थांबू नका. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिले तर लक्षातही राहतात आणि पुरेसे लांबही होतात. गावाचं नाव आणि जन्मसाल असा पासवर्ड ओळखीचा माणूस दहा मिनिटांत काढतो.

पुढे ‘यूज्ड डिस्क स्पेस ओन्ली’ की ‘एन्टायर ड्राइव्ह’ असा प्रश्न येतो. डिस्क कोरी, नवी असेल तर पहिला पर्याय चालतो. वापरलेल्या डिस्कसाठी दुसराच घ्या, कारण डिलीट केलेल्या जुन्या फाइली मोकळ्या दिसणाऱ्या जागेत तशाच असतात आणि पहिला पर्याय त्यांना हातही लावत नाही.

त्यानंतर ‘न्यू मोड’ की ‘कम्पॅटिबल मोड’. संगणकातच राहणाऱ्या डिस्कसाठी न्यू. जी डिस्क एखाद्या कचेरीतल्या विंडोज ७ किंवा ८ वरही जोडावी लागते तिच्यासाठी कम्पॅटिबल, कारण नवी पद्धत विंडोज १० च्या १५११ आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ च्या अखेरीस आली.

वेळ बराच लागतो, कारण डेटा वाचून पुन्हा लिहावा लागतो. सेकंदाला १०० एमबी वेगाच्या १ टीबी फिरत्या हार्डडिस्कला हिशेबाने साडेपाच तास, तर जुन्या यूएसबी २ पोर्टवर सेकंदाला ३० एमबी मिळत असतील तर १८ तासांच्याही वर. मध्येच लाइट गेली तर? आतल्या डिस्कचं काम संगणक पुन्हा सुरू झाल्यावर थांबलं होतं तिथून पुढे चालतं. बाहेरची डिस्क मात्र काम चालू असताना ओढून काढू नका, आधी ‘पॉज’ दाबा. पावसाळ्यात, महावितरणच्या देखभालीच्या दिवशी हे काम काढूच नये. इन्व्हर्टरवर चालणारा डेस्कटॉप असेल तर यूपीएस आहे का ते आधी पाहा, कारण साधा इन्व्हर्टर वीज बदलून घेताना क्षणभर अडखळतो आणि तेवढ्यात संगणक रीस्टार्ट होतो.

पासवर्ड देऊन ड्राइव्ह उघडला. काम झालं. आता पुन्हा लॉक कसा करायचा?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि तो पडणं साहजिक आहे. राइट क्लिकच्या यादीत ‘अनलॉक’ आहे, ‘लॉक’ नाही. एकदा उघडलेला डी ड्राइव्ह संगणक रीस्टार्ट होईपर्यंत उघडाच राहतो. विंडो बंद केली किंवा विंडोज लॉक करून उठलात तरी ड्राइव्ह आतून उघडाच.

तो लगेच लॉक करायची कमांड अशी: ‘मॅनेज-बीडीई -लॉक डी:’. पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क असेल तर ‘इजेक्ट’ करून काढणं पुरेसं. पुन्हा जोडल्यावर ती पासवर्ड मागते.

रोज कमांड टाइप करणं कुणी करत नाही, म्हणून शॉर्टकट बनवा. नोटपॅडमध्ये ही एक ओळ लिहून फाइल ‘.बॅट’ या विस्ताराने सेव्ह करा, डेस्कटॉपवर तिचा शॉर्टकट काढा, शॉर्टकटच्या ‘प्रॉपर्टीज → अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’वर खूण करा. आता दोन क्लिकमध्ये ड्राइव्ह लॉक होतो. फाइलमध्ये पासवर्ड किंवा रिकव्हरी की लिहून उघडण्याचाही शॉर्टकट बनवायचा मोह होतो. तो करू नका, ती फाइल म्हणजेच किल्ली होते.

लॉकची कमांड दिली, पण ड्राइव्ह वापरात असल्याचा एरर येतो.

त्या ड्राइव्हवरची एखादी फाइल उघडी आहे. एक्सेल, फोटो व्ह्यूअर, अँटिव्हायरसचं स्कॅन, मोठ्या फाइलींचं कॉपी होणं, असं काहीही असू शकतं. विंडोजची पेजफाइल (मेमरी अपुरी पडली की विंडोज वापरतं ती फाइल) त्या ड्राइव्हवर ठेवली असेल तर तो कधीच लॉक होणार नाही, ती सी वर हलवा. सगळं बंद करूनही अडलं तर कमांडच्या शेवटी ‘-फोर्सडिसमाउंट’ जोडता येतं.

पण टॅलीचा डेटा त्या ड्राइव्हवर असेल तर हे शेपूट जोडण्याआधी थांबा. कंपनी उघडी असताना ड्राइव्ह जबरदस्तीने काढून घेतला तर अर्धवट लिहिलेली फाइल बिघडू शकते, आणि ते मार्चअखेरीस कळतं. आधी टॅली बंद करा, टास्क मॅनेजरमध्ये ते खरंच गेलंय का बघा, मग लॉक करा.

लॅपटॉपचं झाकण मिटलं की ड्राइव्ह लॉक होतो का?

नाही. स्लीपमध्ये मेमरीला वीज मिळत असते आणि किल्ली त्या मेमरीतच असते. वीज तोडल्यानंतरही मेमरीतला मजकूर काही सेकंद ते काही मिनिटं टिकतो आणि त्यातून किल्ली काढता येते, हे प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिलं होतं. घरफोडी करणारा हे करणार नाही, पण ज्यांच्या लॅपटॉपवर दुसऱ्यांची कागदपत्रं आहेत त्यांनी प्रवासात स्लीप वापरू नये. पूर्ण बंद करा किंवा हायबरनेट करा (यात मेमरी डिस्कवर लिहून वीज पूर्ण बंद होते).

याच्याशी जोडलेली आणखी एक गोष्ट. फक्त टीपीएमवर चालणारा सी ड्राइव्ह बटण दाबताच, कुणालाही काही न विचारता उघडतो आणि लॉगिनच्या पडद्यापर्यंत येतो. त्यापुढे राखण फक्त विंडोजच्या पासवर्डची. प्रो असेल तर सुरू होण्याआधीच पिन मागण्याची सोय करता येते. ग्रुप पॉलिसी एडिटरमध्ये बिटलॉकरखाली ‘ऑपरेटिंग सिस्टम ड्राइव्हज’मध्ये ‘रिक्वायर अ‍ॅडिशनल ऑथेंटिकेशन अ‍ॅट स्टार्टअप’ चालू करा, मग ‘मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -अ‍ॅड सी: -टीपीएमअँडपिन’ ही कमांड द्या. पिन किमान ६ अंकांचा लागतो. मुंबई-पुण्याला लॅपटॉप घेऊन जाणाऱ्या प्रत्येक व्यावसायिकाने हे करावं असं आमचं स्पष्ट मत आहे.

‘ऑटोमॅटिकली अनलॉक ऑन धिस पीसी’वर खूण करावी का?

सी ड्राइव्ह एनक्रिप्टेड असेल आणि डी हा फक्त चोरीच्या भीतीने लॉक केला असेल तर खुशाल करा. सी उघडला की डी उघडेल, सी बंद तर डी बंद. संगणक घरातले चारजण वापरतात आणि त्यांच्यापासून डी वेगळा ठेवायचाय, असं असेल तर करू नका. बंद करायला ‘मॅनेज-बीडीई -ऑटोअनलॉक -डिसेबल डी:’. आतल्या डी ड्राइव्हसाठी ही सोय सी एनक्रिप्टेड असल्याशिवाय चालूच होत नाही, आणि तेच योग्य आहे.

पासवर्ड विसरलो. आता?

रिकव्हरी की असेल तर अनलॉकच्या चौकटीत ‘मोअर ऑप्शन्स → एंटर रिकव्हरी की’ निवडा, ४८ अंक टाका, ड्राइव्ह उघडेल. लगेच ‘मॅनेज-बीडीई -चेंजपासवर्ड डी:’ देऊन नवा पासवर्ड ठेवा. डी ड्राइव्हचा पासवर्ड कितीही वेळा चुकला तरी डेटा पुसला जात नाही, तेव्हा आठवतील ते सगळे पासवर्ड शांतपणे करून पाहा.

पासवर्डही नाही आणि किल्लीही नाही, तर डेटा गेला. हे वाचायला कठीण आहे, पण यात कुठलीही मागची वाट ठेवलेली नाही. मायक्रोसॉफ्टकडे फोन केला तरी खात्यात नसलेली किल्ली त्यांच्याकडे नसते. ‘बिटलॉकर तोडून देतो’ म्हणणाऱ्या दुकानात किंवा सॉफ्टवेअरवर पैसे घालवू नका. डेटा रिकव्हरीवाले बिघडलेली डिस्क वाचवू शकतात, पण त्यानंतर कुलूप उघडायला तुमचीच किल्ली लागते. प्रामाणिक माणूस हे पहिल्याच भेटीत सांगतो. घरी खूप शोधूनही किल्ली मिळाली नाही तर ती डिस्क फॉरमॅट न करता बाजूला ठेवा. जुनं ईमेल खातं वर्षभराने उघडलं आणि किल्ली सापडली, असं होऊ शकतं.

पासवर्ड नक्की बरोबर आहे, तरी चुकीचा म्हणतो.

आधी टास्कबारवर भाषा पाहा. मराठी कीबोर्ड चालू असेल तर अक्षरं देवनागरीत जातात, काही मांडणीत अंकही, आणि ठिपक्यांआड ते दिसत नाही. मग कॅप्स लॉक. संगणक सुरू होतानाच्या पडद्यावर उजवीकडचे अंक चालत नसतील तर नम लॉक बंद आहे. तिथे कीबोर्डच्या वरच्या ओळीतल्या एफ १ ते एफ ९ या कळा एक ते नऊसाठी आणि एफ १० शून्यासाठी वापरता येतात. ड्राइव्हचा पासवर्ड देवनागरीत ठेवू नये तो याच कारणाने. सुरुवातीच्या पडद्यावर मराठी कीबोर्ड नसतो.

वेराक्रिप्टची डिस्क जोडली की विंडोज ‘फॉरमॅट करायची का’ असं विचारतं.

‘कॅन्सल’ दाबा. नेहमी. विंडोजला त्या पार्टिशनवर ओळखीचं काही दिसत नाही म्हणून ते कोरं समजतं. डेटा तिथेच आहे. तो उघडायला वेराक्रिप्टमध्ये मोकळं अक्षर निवडा, ‘सिलेक्ट डिव्हाइस’ने डिस्क दाखवा, ‘माउंट’ करा. कामानंतर ‘डिसमाउंट’ (नव्या आवृत्तीत ‘अनमाउंट’) दाबलं की लॉक. घरातले इतर लोक तीच डिस्क जोडणार असतील तर अख्खी डिस्क एनक्रिप्ट न करता तिच्यात कंटेनर फाइल (आत इतर फाइली ठेवता येणारी, लॉक होणारी एक मोठी फाइल) बनवा, म्हणजे हा फसवा प्रश्नच येत नाही. फॅट३२ पेन ड्राइव्हवर मात्र ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. मोठा कंटेनर हवा तर आधी एक्सफॅट करून घ्या.

चुकून ‘क्विक फॉरमॅट’ झालंच तर तिथेच थांबा, काहीही कॉपी करू नका. व्हॉल्यूमच्या (एनक्रिप्ट केलेल्या भागाच्या) सुरुवातीला असलेल्या हेडरमध्ये खरी किल्ली असते आणि तीच जागा आधी खराब होते. पण वेराक्रिप्ट हेडरची दुसरी प्रत व्हॉल्यूमच्या शेवटी ठेवतं. ‘टूल्स → रिस्टोअर व्हॉल्यूम हेडर’ने ती पुन्हा बसवता येते. त्यानंतरही फाइल सिस्टमची दुरुस्ती लागेल, पण वाट उघडी राहते. शिवाय ‘बॅकअप व्हॉल्यूम हेडर’ने १२८ केबीची बाहेरची प्रत आधीच काढून ठेवा.

एक बारकावा मात्र लक्षात ठेवा. हेडरची जुनी प्रत जुन्या पासवर्डने उघडते. पासवर्ड कुणाला कळला म्हणून बदललात, तर जुनी हेडर-प्रत नष्ट करून नवी काढा, आणि कळलेला माणूस आधीच प्रत घेऊन गेला असण्याची शक्यता असेल तर नवा व्हॉल्यूम बनवून डेटा त्यात हलवा.

लिनक्सवर?

उबुंटूच्या ‘डिस्क्स’ प्रोग्रॅममध्ये कुलपाचं चित्र आहे, त्यावर क्लिक करून लॉक आणि अनलॉक दोन्ही होतं. एनक्रिप्शन लक्स पद्धतीचं असतं. लक्स १ मध्ये ८ आणि लक्स २ मध्ये ३२ पर्यंत वेगवेगळे पासवर्ड ठेवता येतात, त्यामुळे घरातल्या दुसऱ्या माणसाला त्याचा स्वतंत्र पासवर्ड द्या. इथेही हेडर हाच जीव आहे, त्याची प्रत ‘क्रिप्टसेटअप’ या कमांडच्या ‘लक्सहेडरबॅकअप’ने निघते, टाइप करताना हेडर आणि बॅकअप या दोन शब्दांचं पहिलं अक्षर मोठ्या लिपीत. वर सांगितलेला जुन्या पासवर्डचा बारकावा इथेही लागू.

‘क्रिप्टसेटअप’च्या २.३ आवृत्तीपासून (२०२०) लिनक्सवर बिटलॉकरची डिस्कही उघडते. विंडोज आणि लिनक्स शेजारी असतील तर विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. नाहीतर विंडोज ड्राइव्ह अर्धवट झोपलेल्या अवस्थेत सोडतं आणि लिनक्स तो फक्त वाचायला देतं.

मॅकवर?

आतल्या डिस्कसाठी फाइलव्हॉल्ट चालू करा, त्याची रिकव्हरी की २४ अक्षरांची असते. बाहेरच्या डिस्कवर फाइंडरमध्ये राइट क्लिक करून ‘एनक्रिप्ट’, आणि लॉक करायला ‘इजेक्ट’. बिटलॉकरची डिस्क मॅक स्वतःहून उघडत नाही. दोन्हीकडे फिरणाऱ्या डिस्कला वेराक्रिप्ट बरं.

लॅपटॉप दुरुस्तीला द्यायचाय, किंवा बायॉस अपडेट करायचंय.

दोन्हीआधी किल्ली हातात आहे ना ते पाहा. बायॉस अपडेटसाठी कंट्रोल पॅनेलमधल्या बिटलॉकरच्या पानावर ‘सस्पेंड प्रोटेक्शन’ करा, अपडेटनंतर विंडोज सुरू झालं की पुन्हा चालू करून घ्या. सस्पेंडमध्ये डेटा एनक्रिप्टेडच राहतो, फक्त किल्ली तात्पुरती उघडी ठेवलेली असते, म्हणून अशा अवस्थेत लॅपटॉप दुकानात देऊ नका. चार्जिंग पोर्ट, स्क्रीन, कीबोर्ड बदलायला किल्लीही द्यावी लागत नाही आणि पासवर्डही. मदरबोर्ड बदलणार असतील तर नवी टीपीएम येणार, म्हणजे घरी आल्यावर ४८ अंक विचारले जाणार. ते तुम्ही स्वतः टाका. आणि काउंटरवर एक वाक्य स्पष्ट सांगा, जॉब शीटवरही लिहून घ्या: ‘डिस्क फॉरमॅट करायची नाही.’

डिस्कच खराब झाली तर?

साध्या डिस्कपेक्षा एनक्रिप्टेड डिस्क वाचवणं अवघड असतं. बिटलॉकरसाठी विंडोजमध्येच ‘रिपेअर-बीडीई’ आहे. त्याला रिकव्हरी की किंवा पासवर्ड लागतो, आणि खराब डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठी दुसरी डिस्क लागते. त्या दुसऱ्या डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा ती रिकामी द्या. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर घरी काहीच करू नका, वीज तोडा.

भरवशाचा उपाय बॅकअप हाच. उघड्या ड्राइव्हवरून कॉपी केलेल्या फाइली बॅकअपमध्ये साध्या स्वरूपात जातात, म्हणून बॅकअपची डिस्कही वेगळ्या पासवर्डने लॉक करा.

सेवा केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात एनक्रिप्टेड पेन ड्राइव्ह चालेल का?

विंडोज १० किंवा ११ असेल तर बिटलॉकरचा उघडतो. वेराक्रिप्टला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात, ते तिथे मिळत नाहीत. पण दुसऱ्याच्या संगणकावर आपला पासवर्ड टाइप करूच नये. प्रिंट काढायच्या फाइलींसाठी एक साधा, रिकामा पेन ड्राइव्ह ठेवा आणि तेवढीच फाइल त्यावर न्या.

जुना संगणक विकायचाय. एनक्रिप्ट केलेला असेल तर फॉरमॅट पुरे?

डिस्क सुरुवातीपासून किंवा ‘एन्टायर ड्राइव्ह’ पर्यायाने एनक्रिप्ट झाली असेल आणि प्रोटेक्शन चालू असेल, तर विंडोजमधलं ‘रिसेट धिस पीसी → रिमूव्ह एव्हरीथिंग’ पुरेसं आहे. किल्ल्या नष्ट झाल्यावर उरलेल्या बाइट्समधून काहीही वाचता येत नाही. विकण्याआधी बिटलॉकर ‘टर्न ऑफ’ करून मग फॉरमॅट करणं ही उलटी कृती झाली. त्यात सगळा डेटा आधी उघडा लिहिला जातो. रिसेट झाल्यावर मायक्रोसॉफ्ट खात्याच्या यादीतून ते डिव्हाइस काढून टाका आणि त्या संगणकाच्या किल्लीचा कागद फाडून टाका, म्हणजे नव्या लॅपटॉपची किल्ली शोधताना गोंधळ होणार नाही.